औषधाची किंमत कोण ठरवते?



आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. संस्थाने विलीन झाली तेव्हा त्यांची जोड देऊन 'दक्षिण सातारा' हा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. नकाशावर रेघ पडली तरी दोन्हीकडची आर्थिक रचना मात्र एकाच मुशीतली राहिली. कृष्णाकाठी ऊस, साखर कारखाने आणि सुबत्ता. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा पर्जन्यछायेचा पट्टा. या पट्ट्याने पिढ्यान्‌पिढ्या माणसे बाहेर पाठविली. पाटण-जावळीचे तरुण मुंबईच्या गोदीत, गिरणीत आणि माथाडीत गेले. विटा-खानापूरचे गलाई कामगार सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी भारतभर पसरले. त्याच वेळी ऊसतोडीसाठी बाहेरचे हजारो मजूर दर हिवाळ्यात या दोन जिल्ह्यांत येत राहिले, आणि पुणे-बंगळूर महामार्गावरून मालमोटारींची अखंड रांग वाहत राहिली. मिरज हे तर दक्षिणेकडे जाणाऱ्या रेल्वेचे जुने जंक्शन.

एड्सच्या साथीविषयी बोलताना या भूगोलापासून आरंभ करण्याचे कारण आहे. १९९० नंतर या भागात एचआयव्हीची लागण वेगाने पसरली तेव्हा तिचा अर्थ नीतीच्या भाषेत लावण्याची घाई झाली. वस्तुतः विषाणू गेला तो पोट भरण्यासाठी माणसे ज्या वाटांनी गेली, त्याच वाटांनी. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे २००७ नंतर, देशातील जिल्ह्यांची वर्गवारी झाली तेव्हा सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे सर्वाधिक जोखमीच्या 'अ' वर्गात होते. आजही देशातील सुमारे २५ लाख एचआयव्हीबाधितांपैकी सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे.

या माणसांना औषध लागते. ते रोज लागते, आणि जन्मभर लागते. अर्थशास्त्राच्या पहिल्या इयत्तेतच गरज आणि मागणी यांत भेद करायला शिकवतात. ज्या गरजेमागे पैसा उभा आहे तिला मागणी म्हणतात. जिच्यामागे पैसा नाही ती गरज बाजाराला दिसत नाही. जतमधील एखाद्या विधवेला औषध हवे आहे, याची नोंद कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात होत नाही. ती नोंद होण्यासाठी तिच्या बाजूने कोणीतरी खरेदीदार म्हणून उभे राहावे लागते. हा खरेदीदार कोण, आणि त्याच्या हातात सौदा करण्याचे बळ कोठून येते, हा आजच्या विषयाचा गाभा होय.

थोडे मागे जाऊ. एड्सवरचे पहिले औषध झिडोवुडिन, ज्याला एझेडटी म्हणतात, १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. हे संयुग १९६४ मध्ये जेरोम हॉर्वित्झ यांनी कर्करोगाच्या संशोधनात, सरकारी अनुदानावर, तयार केले होते. कर्करोगावर ते चालले नाही म्हणून वीस वर्षे पडून राहिले. एड्सच्या विषाणूवर ते चालते हे दाखवून देण्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा मोठा वाटा होता. पेटंट मात्र बरोज वेलकम या कंपनीने घेतले, आणि वर्षाला सुमारे दहा हजार डॉलर ही किंमत लावली. आज जगभर एचआयव्हीच्या उपचाराचा कणा असलेल्या टेनोफोविरचे मूळही असेच: ते प्रागच्या विज्ञान अकादमीत अंतोनिन होली या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत, बेल्जियममधील एरिक द क्लर्क यांच्या सहकार्याने जन्मले. सार्वजनिक संस्थेत उगवलेले रोप खाजगी परसात नेऊन लावायचे आणि फळांवर पहारा बसवायचा, हा या धंद्यातील जुना रिवाज आहे. पण सरसकट निष्कर्ष काढणेही योग्य नव्हे. संयुग सापडणे आणि त्याचे औषध होणे यांत अनेक वर्षांचे कष्ट आणि मोठा खर्च असतो, आणि तो कंपन्यांनी केला आहे. प्रश्न खर्च भरून निघावा की नाही असा नाही. तो कितीपट भरून निघावा आणि कोणाच्या जिवावर, असा आहे.

(एक गमतीची गोष्ट. इस्लाट्राविर नावाचे जे नवे औषध अलीकडे चर्चेत आहे, त्याचा शोध जपानमधील यामासा या कंपनीत लागला. ही कंपनी मुळात सोयाबीनचा सॉस करणारी! आंबवण्याच्या विद्येतून ती न्यूक्लिओसाइडांच्या रसायनाकडे वळली. संशोधन कोणाच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडेल याचा नेम नसतो.)

१९९६ मध्ये तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत सिद्ध झाली आणि श्रीमंत देशांत एड्सचे मरण थांबू लागले. वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर. त्यानंतरची सुमारे पाच वर्षे हा आधुनिक वैद्यकाच्या इतिहासातील लाजिरवाणा कालखंड म्हणावा लागेल, कारण औषध होते आणि आफ्रिकेत व भारतात माणसे मरत होती. सांगली-साताऱ्याच्या गावांतून मुंबईहून परत आलेले कर्ते पुरुष खाटेवर झिजून गेले, मागोमाग त्यांच्या बायका गेल्या, आणि आजी-आजोबांच्या पदरी नातवंडे राहिली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना हे वर्णन पुरेसे आहे.

२००१ च्या फेब्रुवारीत सिप्लाने तिन्ही औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. 'सीमारहित डॉक्टर्स' या संस्थेसाठी हा भाव होता, सरकारांसाठी ६०० डॉलर. युसुफ हमीद यांचे नाव यामुळे जगभर झाले आणि ते योग्यच झाले. परंतु हमीद यांच्या औदार्याला ज्या कायद्याने जागा करून दिली त्याचे नाव मात्र कोणी घेत नाही. तो कायदा म्हणजे १९७० चा भारतीय पेटंट कायदा.

स्वातंत्र्यानंतरही भारतात १९११ चा ब्रिटिश पेटंट कायदा चालू होता आणि अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीनेही नोंदविले होते की औषधांच्या किमती भारतात जगातील सर्वांत चढ्या किमतींपैकी आहेत. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये अहवाल दिला आणि त्यांतून पुढे नवा कायदा आला. औषधाच्या पदार्थावर पेटंट नाही, केवळ ते करण्याच्या प्रक्रियेवर, आणि तेही अल्प मुदतीचे. दुसऱ्या मार्गाने तोच पदार्थ कोणी केला तर तो गुन्हा नव्हे. या एका तरतुदीने भारतीय रसायनशास्त्रज्ञाच्या बुद्धीला कारखान्याचे दार उघडून दिले. त्याआधीच १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना उभा राहिला होता. पेनिसिलिन करता करता तेथील संशोधकांनी हॅमायसिन हे नवे औषधही शोधले, म्हणजे सरकारी नोकरीत शोध लागत नाहीत हा सिद्धान्त पिंपरीलाच खोटा ठरला होता. पुढे या कारखान्याची जी आबाळ झाली ती वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

सिप्लाने हैदराबादच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या मदतीने १९९३ मध्येच झिडोवुडिन बाजारात आणले होते. म्हणजे ३५० डॉलरचा भाव एका दिवसात आकाशातून पडला नाही. त्याच्यामागे एक कायदा, एक प्रयोगशाळा आणि तीस वर्षांची शिकलेली माणसे होती. यानंतर स्पर्धेने आपले काम केले. २०२३ मध्ये ग्लोबल फंडाने जाहीर केलेला डोल्युटेग्राविरयुक्त तीन औषधांच्या एका गोळीचा भाव वर्षाला ४५ डॉलरच्या आत होता. दहा हजारांवरून पंचेचाळीस! औषधाच्या किमतीचा किती हिस्सा रसायनाचा आणि किती मक्तेदारीचा, याचे याहून स्वच्छ गणित वर्गात फळ्यावर मांडता येणार नाही.

भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत उपचार सुरू केले. आरंभी निवडक रुग्णालयांतून, पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतून. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचे रुग्णालय आणि सांगलीत वसंतदादा पाटलांच्या नावाचे रुग्णालय ही या दोन जिल्ह्यांतील गरिबांची मोठी ठिकाणे. ज्या दोघांनी बेचाळीसच्या लढ्यात याच मातीत सरकारशी झुंज दिली त्यांच्या नावाच्या इमारतींत आता सरकारचीच औषधे मिळतात, हा योगायोग चिंतनीय आहे.

मोफत उपचारांनी माणसे जगली. पण कोणते औषध मिळाले? सुरुवातीच्या गोळ्यांत स्टॅव्हुडिन होते. त्याने गाल बसत, हातापायांची चरबी झडे, पायांना मुंग्या येत. गावात रोग लपवू पाहणाऱ्याचा चेहराच त्याचे गुपित फोडी. श्रीमंत देशांनी हे औषध बाजूला सारल्यानंतरही ते स्वस्त होते म्हणून गरिबांना दीर्घकाळ मिळत राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले. चांगले औषध अस्तित्वात असणे आणि ते तालुक्याच्या माणसाच्या हाती पडणे यांमधील ही जी वर्षे असतात, त्यांचा हिशेब कोणी मांडत नाही.

या कहाणीची दुसरी बाजू १ जानेवारी २००५ ला सुरू होते. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार भारताने औषधाच्या पदार्थावर पेटंट देणे मान्य केले. १९७० चे दार लोटले गेले. पूर्णपणे बंद झाले नाही, कारण मार्च २००५ मध्ये संसदेत डाव्या पक्षांच्या आग्रहाने आणि रुग्णसंघटनांच्या दडपणाने दोन फटी ठेवल्या गेल्या. पहिली, कलम ३(ड): जुन्याच पदार्थाला नवे रूप दिले आणि परिणामात वाढ झाली नाही तर पेटंट नाही. दुसरी, पेटंट मिळण्याआधी कोणाही व्यक्तीला हरकत घेता येईल. 'कोणाही व्यक्तीला' या दोन शब्दांत फार मोठी लोकशाही साठवलेली आहे. एचआयव्हीबाधितांच्या संघटनांनी, म्हणजे स्वतः रोगी असलेल्या, बहुतेक अल्पशिक्षित आणि गरीब माणसांनी, बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या अर्जांवर हरकती घेतल्या. ग्लॅक्सोने कॉम्बिव्हिरचा अर्ज २००६ मध्ये मागे घेतला. लहान मुलांच्या नेव्हिरापिन सिरपचा अर्ज २००८ मध्ये फेटाळला गेला. २००९ मध्ये गिलियडचे टेनोफोविरवरील अर्ज नामंजूर झाले. याच टेनोफोविरसाठी गिलियडने त्यापूर्वी अनेक भारतीय कारखान्यांना स्वामित्वधनाच्या अटीवर परवाने देऊ केले होते, आणि बहुतेकांनी ते घेतलेही. सिप्लाने घेतले नाहीत. जो हक्क अजून सिद्ध व्हायचा आहे त्याच्यापोटी आधीच खंडणी कबूल करणे, हा व्यवहार शहाणपणाचा की दुबळेपणाचा, याचा निर्णय पेटंट कार्यालयाने केला. २०१३ मध्ये नोव्हार्टिसच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ३(ड) वर शिक्कामोर्तब केले.

आणि आता मार्च २०२४ मध्ये पेटंट नियमांत दुरुस्ती झाली आहे. हरकत घेण्यासाठी शुल्क लावले गेले, आणि हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे आधी अधिकाऱ्याने ठरवायचे असे झाले. कलम जागेवर आहे, पण उंबरठा उंच झाला. कायदे रद्द होतात तेव्हा आरडाओरड होते. नियम बदलतात तेव्हा राजपत्राच्या पानाखेरीज कोठे आवाज होत नाही.

आता नव्या औषधांकडे वळू. कोणते औषध येऊ घातले आहे हे पाहिले की ते कोणासाठी येत आहे हेही दिसते. आजच्या प्रयोगशाळांचा सगळा ओघ रोजच्या गोळीकडून दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधाकडे आहे. दोन महिन्यांतून एकदा घ्यायचे कॅबोटेग्राविरचे इंजेक्शन अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये प्रतिबंधासाठी मंजूर झाले. वर्षाची किंमत बावीस हजार डॉलरच्या घरात. ते स्वस्तात करण्याचे परवाने २०२३ मध्ये ऑरोबिंदो, सिप्ला आणि व्हियाट्रिस यांना मिळाले. महिन्यातून एकदा घ्यायच्या गोळीच्या मोठ्या चाचण्या २०२५ मध्ये सुरू झाल्या. इस्लाट्राविर या औषधाच्या चाचण्या २०२१ च्या अखेरीस थांबवाव्या लागल्या होत्या, कारण रक्तातील पांढऱ्या पेशी घटू लागल्या. मात्रा कमी करून त्या पुन्हा हाती घेतल्या गेल्या. औषधाची वाट अशी खाचखळग्यांची असते, हे त्या धंद्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

यात सर्वांत महत्त्वाचे नाव लेनाकापाविर. विषाणूच्या जनुकाभोवती प्रथिनाचे जे कवच असते त्यालाच हे औषध पकडते. अशा रीतीने काम करणारे हे पहिलेच मंजूर औषध. पोटाच्या कातडीखाली सहा महिन्यांतून एकदा टोचायचे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडा येथील तरुण मुलींवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२४ च्या जूनमध्ये आला. इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ मुलींपैकी एकीलाही लागण झाली नाही. रोजची जुनी गोळी दिलेल्या १,०६८ मुलींपैकी १६ जणींना झाली. गोळी निकामी होती असे नव्हे. ती रोज घेणे त्या मुलींना जमले नाही. घरात गोळ्यांची डबी सापडली तर काय जबाब द्यायचा, हा प्रश्न सोवेटोच्या मुलीला पडतो तसाच तो साताऱ्याच्या सुनेलाही पडेल.

अमेरिकेने १८ जून २०२५ रोजी प्रतिबंधासाठी या औषधाला मान्यता दिली. गिलियडने जाहीर केलेली किंमत वर्षाला २८,२१८ डॉलर, म्हणजे सुमारे पंचवीस लाख रुपये. तेच औषध गरीब देशांसाठी वर्षाला सुमारे ४० डॉलरला, म्हणजे साधारण साडेतीन हजार रुपयांना, देण्याचे करार सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. करणारे कारखाने हैदराबादचे: डॉ. रेड्डीज आणि हेटेरो. पुरवठा २०२७ पासून अपेक्षित. एकाच इंजेक्शनच्या दोन भावांत सातशेपटींचे अंतर! लिव्हरपूलचे अँड्र्यू हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्येच हिशेब करून दाखविले होते की मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले तर हे औषध ४० डॉलरच्या आसपास, नफा धरून, करता येते. म्हणजे गरिबांवर कोणी मेहेरबानी केलेली नाही. त्यांना वाजवी भाव मिळाला आहे इतकेच.

गिलियडने ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा कारखान्यांना १२० देशांसाठी परवाने दिले. त्यांत पुण्याची एमक्युअरही आहे. परवाना ऐच्छिक म्हणजे कंपनीच्या मर्जीचा. कोणते देश आत आणि कोणते बाहेर हे तीच ठरवते. ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरू यांना वगळले गेले. या चारही देशांतील नागरिकांनी याच औषधाच्या चाचणीत आपले शरीर दिले होते. चाचणीला गरीब, आणि बाजाराला श्रीमंत, असे एकाच देशाचे दोन चेहरे कंपनीला सोयीप्रमाणे दिसतात. मुंबईच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने भारतात या औषधाच्या पेटंट-अर्जांवर हरकती घेतल्या आहेत, हे म्हणूनच महत्त्वाचे. परवाना म्हणजे मालकाने दिलेली वाट. हरकत म्हणजे वाट सार्वजनिक आहे असा दावा. वहिवाटीचे दावे या भागात नवे नाहीत, तेव्हा हा भेद येथे विशद करून सांगण्याची गरज नसावी.

चाचण्यांबाबत महाराष्ट्राचाही वाटा नोंदला पाहिजे. २०११ मध्ये ज्या संशोधनाने सिद्ध केले की बाधित व्यक्तीने लवकर उपचार घेतले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, त्या नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या चाचणीचे एक केंद्र पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था हे होते. एड्सच्या लशीची भारतातील पहिली मानवी चाचणीही २००५ मध्ये पुण्यातच सुरू झाली. ती लस अपेक्षेस उतरली नाही. पण सार्वजनिक संस्थेच्या हातून झालेले अपयशही सार्वजनिक ज्ञानात जमा होते. खाजगी अपयश बहुधा कपाटात राहते.

सहा महिन्यांच्या इंजेक्शनचा अर्थ या दोन जिल्ह्यांसाठी काय? ऊसतोडीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. टोळी निघण्यापूर्वी एक टोचणी आणि परतल्यावर दुसरी. मजुराच्या वर्षाला इतके चपखल बसणारे दुसरे औषध नसेल. गलाई कामगार दिवाळीला किंवा यात्रेला गावी येतो, त्यालाही तेच लागू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराने निम्मी सांगली पाण्याखाली घातली. ज्याचे घर गेले त्याची गोळ्यांची डबीही गेली. शरीरातच साठवलेले औषध पुरात वाहून जात नाही.

परंतु औषध माणसापर्यंत नेण्याचे काम औषध स्वतः करीत नाही. याबाबत सांगलीने देशाला काही शिकविले आहे. १९९२ मध्ये मीना सेषू यांच्या पुढाकाराने 'संग्राम' ही संस्था येथे उभी राहिली आणि १९९६ मध्ये वेश्याव्यवसायातील स्त्रियांची स्वतःची संघटना, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. गोकुळनगरच्या स्त्रियांनी निरोधचे वाटप स्वतःच्या हाती घेतले. ज्यांना रोगाचे उगमस्थान म्हणून हिणवले गेले, त्याच प्रतिबंधाच्या आघाडीच्या कार्यकर्त्या झाल्या. २००५ च्या सुमारास अमेरिकन मदतीसाठी अट आली, की संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची प्रतिज्ञा करावी. 'संग्राम'ने प्रतिज्ञा नाकारली आणि पैसा सोडला. ज्या स्त्रियांच्या विश्वासावर काम उभे होते त्यांचा निषेध कागदावर लिहून द्यायचा आणि वर त्यांच्याकडेच काम मागायचे, हे जमण्यासारखे नव्हते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अमेरिकन संस्थांपुरती ही अट घटनाबाह्य ठरविली, पण २०२० मध्ये परदेशी संस्थांना ते संरक्षण नाही असा निकाल दिला. आणि २०२५ च्या जानेवारीत त्या सरकारने परदेशी मदतच एकाएकी गोठविली तेव्हा आफ्रिकेतील दवाखाने बंद पडू लागले. परक्याच्या ओंजळीने पाणी पिण्यातला धोका सांगलीच्या स्त्रियांना वीस वर्षे आधी उमगला होता असेच म्हणावे लागेल.

नव्या इंजेक्शनसंबंधी याच स्त्रियांकडून आणखी एक शंका ऐकून घेण्यासारखी ठरेल. रोजची गोळी नको असेल तर ती थुंकता येते. सहा महिने शरीरात राहणारे औषध एकदा टोचल्यावर काढता येत नाही. पोलिसांच्या धाडी आणि सक्तीची 'सुटका' ज्यांनी भोगली आहे त्यांच्या वस्तीत हे औषध उद्दिष्टपूर्तीचे आकडे गाठण्यासाठी नेले, तर उत्तम शास्त्रही अत्याचार होऊ शकते. आणीबाणीतील नसबंदीचा धडा या देशाने एकदा घेतला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात या स्त्रियांना सन्मानाने वागविण्याचे निर्देश दिले आहेत. संमती हा त्या सन्मानाचा पहिला भाग.

उरला पैशाचा प्रश्न. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी १५,४७१.९४ कोटी रुपयांचा आखला गेला, आणि तो केंद्राच्या स्वतःच्या निधीतून, ही अभिमानाची गोष्ट. आता तुलना पाहा. गिलियडच्या बिक्टार्वी या एका गोळीची २०२४ या एका वर्षातील विक्री १३.४ अब्ज डॉलर, म्हणजे सव्वा लाख कोटी रुपयांच्या जवळपास. भारताच्या पाच वर्षांच्या संपूर्ण कार्यक्रमाच्या सातपटीहून अधिक. बाजाराची नजर कोणीकडे राहील हे यावरून कळते. लहान मुलांच्या औषधांचे उदाहरण त्याहून बोलके आहे. आईकडून बाळाला होणारी लागण थांबविण्यात जसजसे यश आले तसतसा बालरुग्णांचा बाजार आकुंचन पावला, आणि जी मुले आधीच बाधित होती त्यांच्यासाठी औषध करणे कारखान्यांना परवडेनासे झाले. २०१७ मध्ये लोपिनाविरच्या सिरपचा देशात तुटवडा पडला. ते पुरवणारा कारखाना एकच, सिप्ला, आणि सरकारकडून पूर्वीची बिले थकलेली. मुलांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले. येथे पेटंट नव्हते, परदेशी मक्तेदारी नव्हती. होती ती केवळ आपल्या खरेदीखात्याची बेपर्वाई. २०२२ च्या जुलैपासून बाधितांनी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कचेरीत सहा आठवडे ठिय्या दिला तोही औषधांच्या तुटवड्यासाठीच. जगाचा औषधकारखाना म्हणवणाऱ्या देशात!

कंपन्यांवर टीका करणे सोपे आणि आवश्यकही आहे, परंतु निविदा वेळेवर न निघणे, एकाच पुरवठादारावर विसंबणे आणि देणी थकविणे हे दोष कोणत्याही बहुराष्ट्रीय कंपनीने आपल्यावर लादलेले नाहीत. गरिबांच्या गरजेचे मागणीत रूपांतर करणारा एकमेव खरेदीदार म्हणजे सरकार. तो खरेदीदारच बेभरवशाचा निघाला तर कारखानदार अन्य गिऱ्हाईक शोधणार, त्याला दोष कसा द्यावा?

लेनाकापाविर भारतात बनेल याविषयी शंका उरलेली नाही. ते बनवणारे हात इथलेच आहेत. ते भारताच्या सरकारी दवाखान्यांत दिले जाईल का, आणि कोणाला आधी, हे मात्र पुढील टप्प्याच्या अंदाजपत्रकात ठरायचे आहे. समजा, सातारा आणि सांगली मिळून पाच हजार व्यक्तींना, त्यांच्या संमतीने, हे इंजेक्शन द्यायचे ठरले. वर्षाला साडेतीन हजार रुपये दराने औषधाचा खर्च होतो पावणेदोन कोटी. त्यात परिचारिकेचा पगार, तपासणी आणि वस्तीत जाऊन बोलणाऱ्या कार्यकर्तीचे मानधन धरायचे राहिले आहे, आणि अंदाजपत्रकात नेहमी कात्री लागते ती याच शेवटच्या रकमेला.